किती झाले, तूच सांग

मला नोकरी लागली तेव्हा गावात छोटासा सत्कार झाला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हातात माईक देऊन सरपंचांनी विचारलं, "तुझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, सांग." मी आईबाबांचं नाव घेतलं, शाळेच्या गुरुजींचं घेतलं. ते खोटं नव्हतं. पण जिभेवर पहिलं आलेलं नाव मी गिळून टाकलं. ते होतं आमच्या स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवरच्या मामाजींचं. स्टँडवाल्याचं नाव माईकवरून घ्यायची मला लाज वाटली.

आज ते नाव इथे सगळ्यांत आधी लिहितो. पण तेही खरं नाव नव्हे. सगळे त्यांना मामाजी म्हणत. तेही कोणाचं नाव विचारत नसत. सायकल लावली की ते नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला देत आणि पुढे तोच नंबर म्हणजे तुम्ही. मी सत्तावीस. तीन वर्षं रोज गावाहून सहा किलोमीटर सायकल मारायची, ती स्टँडवर लावायची, गाडी धरून गोंदियाला कॉलेजात जायचं. त्या तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. बऱ्याच वर्षांनी मोटरसायकल घेऊन गेलो, तेव्हाही म्हणाले, "आला का सत्तावीस. सायकल मोठी झाली तुयी."

उंच, वाळलेले, मे महिन्यातही कानटोपी घातलेले. मनगटावर घड्याळ नाही. वेळ ते गाड्यांवर सांगत, आणि गाडी उशिरा आली की त्यांची सकाळही उशिरा होई. चहा नेहमी अर्धाच पीत आणि उरलेला अर्धा थंड झाल्यावर संपवत. शेजारच्या टपरीवरची चहावाली बाई त्यावरून रोज बोले. "गरम होता तवा का काटा रुतला होता घशात?" ते म्हणत, "एका चहाचे दोन चहा होते. तुले हिशेब नाई समजत."

पण मामाजी ज्यासाठी ओळखले जात ते म्हणजे त्यांचं ताट. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, काठाशी चेपलेलं, जुनं ताट. त्यात सगळी चिल्लर पसरलेली आणि नोटांवर वाघ नदीतला एक गुळगुळीत गोटा. स्टँडचे पैसे किती झाले हे ते कोणाला सांगत नसत. तुम्ही सांगायचं. मग नोट ताटात टाकायची आणि उरलेले पैसे आपल्या हातानं उचलायचे. ते फक्त बघत.

पहिल्या आठवड्यात मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा सायकलचे दिवसाला दोन रुपये होते. शनिवारी वीसची नोट पुढे करून मी विचारलं, "किती झाले जी?"

"मले कायले विचारते? सायकल तुयी, दिवस तुये. तूच सांग."

"सहा दिवस. बारा."

"मंग उचल."

मी ताटाकडे बघत राहिलो. दहावीच्या गणितात मी काठावर सुटलेला. वीसमधून बारा वजा करायला शून्यातून दोन जात नाहीत, शेजारून एक उसना घ्या, हे मनात मांडायला लागलो. मागे चारजण उभे होते. मी अंदाजानं पाचचं एक नाणं आणि एक रुपया उचलून निघालो.

"ए सत्तावीस! दोन रुपये टाकून कुठं पळून राहिला बे? मी का भीक मांगाले बसलो इथं?"

सगळे हसले. त्यांनी मला स्टेशनचा पूल दाखवला. "तो पूल दिसते ना? तू बाराव्या पायरीवर उभा हायेस. वीसवर जाचं हाये. उतरू नोको, उतरला का आदमी पडते. चढ. तीन चढला का पंधरा, पाच चढला का वीस. का उचलशील?"

"आठ."

"उचल मंग. गाडीनं सिग्नल सोडला."

एवढीच त्यांची शिकवण. वजाबाकी त्यांनी कधी केलीच नाही. किमतीपासून नोटेपर्यंत चढत जायचं आणि चढताना जे हाताला लागेल ते उचलायचं. रोज जाता-येता मी हेच करू लागलो, आधी ताटापाशी, मग बाजारात, मग गाडीत बसून मनातल्या मनात. पुढे लिपिकाच्या परीक्षेत गणिताचा पेपर आला. आजूबाजूची मुलं कच्च्या कागदावर उसने घेत होती. मी पूल चढत होतो. त्या पेपरानं मला नोकरी दिली.

पेढे घेऊन गेलो तर पुडा हातात घेण्याआधीच म्हणाले, "कितीचे आनले?"

"ऐंशीचे."

"नोट कितीची देल्ली?"

"शंभराची."

"वापस आले ते मोजले का?"

"मोजले जी. वीस."

तेव्हा कुठे त्यांनी पेढा तोंडात टाकला. तोही अर्धा.

ताटाचा एक अलिखित कायदा होता. कमी उचलणाऱ्याला ते हाक मारून, सगळ्यांसमोर लाजवून परत करत. जास्त उचलणाऱ्याला काहीच म्हणत नसत. एका गुरुजींनी एकदा तीन रुपये जास्त उचलले. मामाजी गप्प. पण दुसऱ्या दिवसापासून गुरुजींची स्कूटर पन्नास सायकलींच्या मागे जाऊ लागली. ती काढता काढता गुरुजींची गाडी दोनदा सुटली. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःहून तीन रुपये ताटात टाकले आणि स्कूटर दारात आली. मी विचारलं, "सांगून का नाही टाकलं जी?" ते म्हणाले, "कमी उचलला तं चूक असते, सांगाव लागते. जास्त उचलला तं त्याले घरी जाऊन मोजू द्याव. मोजन तं येईन."

ही ताटाची रीत त्यांनी का धरली ते एकदाच बोलले. त्यांचे वडील उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचे. संध्याकाळी पानं गोळा करायच्या फडावर पुडे मोजायला मुंशी बसे. शंभराचे नव्वद लिहायचा. वडिलांना मोजता येत नव्हतं. ते घरी येऊन म्हणत, आज पत्ता कमी लागला. "कमी नोयता लागला," मामाजी म्हणाले. "मी त्याच्या संग असो. मले ठाऊक होतं. पन मी लहान होतो, बोललो नाई. ज्याले मोजता येत नाई त्याचं दुसरा कोनीबी मोजते. म्हनून मी कोनाचे मोजून देत नाई. सवय मोडते आदमीची."

मी नागपूरला रुजू झालो. सोमवारी सकाळी मोटरसायकल स्टँडवर लावून जायचो आणि शनिवारी परत यायचो. या वर्षांत स्टँडवर काय बदलत गेलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी दिसलं. नाणी कमी झाली. लोक एटीएममधून निघालेली पाचशेची नोट पंधरा रुपयांसाठी पुढे करू लागले. मामाजी तिला आळशाचा पैसा म्हणत. मग मालकानं खांबावर स्कॅनचा कागद चिकटवला. पोरं मोबाईल दाखवून निघून जाऊ लागली, ताटाकडे न बघता. मामाजींचा त्या कागदावर राग नव्हता. ते म्हणत, "पैसे जाते, ते बरोबर हाये. पन गेले किती, हे त्या पोट्ट्याले ठाऊक हाये का?"

आणि जे रोख द्यायचे, ते ताटापुढे खिळून उभे राहू लागले. चारोळी विकायला येणारी एक गोंड म्हातारी तेवढी बोटांवर कांडी मोजून क्षणात उचले आणि चालू लागे. बाकी शिकलेली सगळी मंडळी मोबाईल काढून वजाबाकी करत. एका सोमवारी माझ्यासमोर कॉलेजातल्या एका मुलीनं शंभराची नोट टाकली. पंचेचाळीस झाले होते. ती थांबली.

"का बाई, काऊन थांबली?"

"मोबाईल बंद झाला जी मामाजी. तुम्हीच द्या ना."

"कितव्या वर्षाले हाये तू?"

"बीएस्सी फायनल."

"मंग चढ."

"कुठं चढू? गाडी येऊन राहिली ना जी!"

तिचे डोळे भरून आले. पंचावन्न रुपये उचलून तिच्या हातावर ठेवणं दोन सेकंदांचं काम होतं. मामाजींनी ठेवले नाहीत. मीही पुढे झालो नाही, कारण ताटाचा कायदा मला माहीत होता, आणि माझी गाडीही तीच होती. मी पळालो. तिची सुटली. तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती, हे मला नंतर कळलं. मामाजींचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील गोंदियाला जाऊन मालकाला भेटले. मालक तांदळाच्या धंद्यातला, हा स्टँड त्याचा जोडधंदा. तो आला आणि म्हणाला, "मामाजी, ये स्कूल खोल रखा है क्या? पैसे गिनो, हाथ में दो, छुट्टी करो." मामाजींनी मान हलवली आणि ताट होतं तिथेच राहिलं.

पण मालकाला खुपत होतं ते दुसरंच. पूर्वी दिवसभर सायकलीमागे फाडलेल्या पावत्या आणि ताटातले पैसे संध्याकाळी जुळत. कोणी कमी उचललेलं, कोणी जास्त, हाक मारून, वाट बघून सगळं जागेवर येई. आता रोज दहा-वीस-तीस कमी भरू लागले. लोक चोर नव्हते. त्यांना किती उचलायचे तेच कळत नव्हतं, आणि न कळणारा माणूस स्वतःच्या बाजूनं चुकतो. घरी जाऊन कोणी मोजतही नव्हतं, म्हणून परत कोणी येत नव्हतं. मामाजी आपल्या पगारातून भरत राहिले. शेवटी मालकानं सांगितलं, "अब एक दिन भी कम आया, तो मैं समझूँगा ताट में से तुम उठाते हो."

हे सगळं मला चहावाल्या बाईकडून नंतर समजलं. त्या शुक्रवारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या वेळी मी रजेवर होतो, म्हणून सोमवारऐवजी गुरुवारी गेलो आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी परतलो. मोटरसायकल नऊ दिवस राहिली होती, दिवसाला पंधरा. मी मान वाकडी करून मोबाईल खांद्याशी धरलेला, कचेरीतल्या साहेबांशी बोलत होतो.

"किती झाले सत्तावीस?"

पंधरा नव्वे एकशे पस्तीस, हे आलं. ते सांगून मी पाचशेची नोट गोट्याखाली सरकवली आणि पैसे उचलले. साहेब पलीकडून काहीतरी विचारत होते.

"मोजून घे बे," मामाजी म्हणाले.

"मोजले जी."

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'मोजून घे' असं कधी म्हटलं नव्हतं. ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी सकाळी परत गेलो. मामाजी दारातच उभे होते. बिल्ला दिला, पण हात लगेच सोडला नाही.

"सगळं बराबर हाये ना रे?"

"एकदम बरोबर, मामाजी."

"घरी सगळं पाहून-गिहून आला?"

मला वाटलं, आईच्या तब्येतीचं विचारतायत. "हो जी, सगळं ठीक आहे," म्हणालो आणि पुलाकडे पळालो. पुलावरून खाली बघितलं तर ते ताट हातात धरून माझ्याकडे बघत होते.

शनिवारी आलो तेव्हा ताट नव्हतं. खुर्चीवर एक तरुण बसला होता आणि कानात गाणी ऐकत होता. त्यानं खांबाकडे बोट दाखवलं. मी स्कॅन केलं. नव्वद रुपये गेले. चहावाल्या बाईला विचारलं, मामाजी कुठं?

"तुले नाई ठाऊक?" ती म्हणाली. "काढून टाकलं त्याले. चोर म्हनून."

"चोर? मामाजी?"

"शुक्रवारी शंभर कमी भरले. आगोदर दहा-वीस असे, पगारातून भरून दे. यावेळी पगार सरला होता. मालकानं विचारलं, कुठं गेले शंभर? हा म्हने, सोमवारपर्यंत थांबा. एका पोट्ट्यानं चुकून जास्त उचलले, तो घरी मोजन अना आनून देईन. मालक म्हने, नाव सांग त्याचं, फोन लावतो. तं नाई सांगतलं. म्हने, त्याले मोजता येते, मीच शिकवलं हाये, तो येतेच." तिनं कप विसळून पालथा घातला. "मी म्हनलं, कोन हाये गा असा तालेवार? तं म्हने, सत्तावीस."

मी तिथेच उभा राहून हिशेब करायला लागलो. पाचशेमधून एकशे पस्तीस. आणि माझा हात, मला न विचारता, खिशातल्या मोबाईलकडे गेला. बाईनं ते बघितलं. मी मोबाईल परत ठेवला आणि पुलाकडे तोंड करून चढलो. एकशे पस्तीस. पाच चढलो, एकशे चाळीस. साठ चढलो, दोनशे. तीनशे चढलो, पाचशे. तीनशे पासष्ट. मी उचलले होते चार नोटा शंभराच्या, पन्नासची एक, दहाची एक आणि पाचचं नाणं. चारशे पासष्ट. आठवडाभर ते पैसे माझ्या पाकिटात होते. मी त्यातून भाजी घेतली होती, रिक्षाचं भाडं दिलं होतं.

मी मोटरसायकल काढून तसाच गोंदियाला गेलो आणि मालकाच्या दुकानात शंभराची नोट ठेवून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "भैया, आप पढ़े-लिखे हो, आपने आके बोला, अच्छी बात है. पण आता तिथं पोरगा ठेवला आहे. सब ऑनलाइन है. और सच बोलूँ, आपके सौ रुपये का तो पता चल गया. बाकी जो रोज कम आता था, वो कौन लाके देगा?" नोट त्यानं घेतली नाही. म्हणाला, हे शंभर ज्याच्या नावावर पडले त्याला द्या.

मामाजी मुलीकडे गेले होते, आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाजवळच्या एका गावी. मी जायला निघालो तर चहावालीनं अडवलं. "नोको जाऊ. त्याची पोरगी आली होती सामान न्याले. म्हने, दारात कोनी आलं का बाबा अंदर जाऊन बसते. त्याले वाटते, हिशेब मांगाले आले. आता मोजतबी नाई. दुकानदार जे देते ते मुठीत घेऊन येते. चिठ्ठी धाड. थोडं वाचता येते त्याले."

मी तिच्याकडून पत्ता घेतला आणि मोठ्या अक्षरात हे पत्र लिहिलं.

आदरणीय मामाजी,

साष्टांग नमस्कार.

मी सत्तावीस. त्या शुक्रवारी गाडीचे नऊ दिवस झाले होते. एकशे पस्तीस होत होते. मी पाचशेची नोट टाकली आणि शंभर जास्त उचलले. तुम्ही मला मोजून घे म्हणालात. मी मोजलं नव्हतं. मोजले असं खोटं सांगितलं. सोमवारी तुम्ही पुन्हा विचारलंत, तेव्हाही मी घरी पैसे मोजले नव्हते. तुम्ही माझ्यासाठी तीन दिवस मागून घेतले होते, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजही नव्हती. मी नुसतं मोजलं असतं तरी पुरलं असतं.

मालकाला सगळं सांगून आलो. शंभर रुपये मी उचलले हे त्याला कळलं आहे. चहावाल्या बाईला कळलं आहे. गावात ज्या माईकवर तुमचं नाव घेतलं नाही, त्याच माईकवर पुढच्या ग्रामसभेत उभा राहून सांगणार आहे. त्यानं तुमची खुर्ची परत येणार नाही, हे मला माहीत आहे.

नोकरी तुमच्या ताटावर लागली. ती लागल्यावर मी पूल चढणं सोडलं. मशीन आहे म्हणून सोडलं. तुम्ही मला माणसांत मोजत होता आणि मी तेवढाही उरलो नव्हतो.

सोबत पाचशेची एक नोट ठेवली आहे. आळशाचा पैसा आहे, रागावू नका. त्यातले माझ्याकडचे तुमचे तेवढे उचला. बाकीचे मला परत पाठवा. माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आत ठेवलं आहे. कमी उचललेत तर मी सगळ्यांसमोर हाक मारीन. जास्त उचललेत तर काही बोलणार नाही, तुमची वाट बघीन.

किती परत करायचे ते मी लिहीत नाही. मामाजी, तुम्ही सांगा.

तुमचा,
सत्तावीस